मांडणीताईचा आरसा

मांडणीताईला खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता शोधूनही सापडलं नसतं. हमाल तिला मांडणीताई म्हणत, गिऱ्हाइकं मांडणीबाई म्हणत, आणि तिचा सख्खा थोरला भाऊ, म्हणजे दादा, रागात असला की 'बाईसाहेब' आणि लोभात असला की 'बाळ' म्हणे. चाळिशी उलटलेल्या बाईला कसलं हो बाळ म्हणता, असं वहिनी विचारायची. पण दादाच्या लेखी ती अजून एकोणिशीतच होती. त्याला कारणही होतं. सांगते, घाई नको.

दादाचा धंदा घरं हलवण्याचा. एका घरातलं सामान खोक्यांत भरायचं, ट्रकवर चढवायचं, दुसऱ्या घरी उतरवायचं. असे धंदेवाले गल्लोगल्ली असतात. पण दादाचं नाव होतं, आणि ते ह्या धाकट्या बहिणीमुळे होतं. इतर लोक सामान नव्या घरात आणून आदळतात आणि मग विचारत सुटतात, हे कुठे ठेवू, ते कुठे ठेवू. घर बदलणारं माणूस आधीच अर्धमेलं झालेलं असतं, त्यात दिवसभर हा ससेमिरा. दादा म्हणायचा, "आपण विचारायचं नाही. विचारणं म्हणजे आपलं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं." दादाच्या गिऱ्हाइकाने फक्त संध्याकाळी किल्ली घेऊन नव्या घरात शिरायचं. आत सगळं जुन्या घरातल्यासारखं, जिथल्या तिथे. सकाळी डोळे न उघडता हात लांब केला की चष्मा हाताला लागलाच पाहिजे. साखरेचा डबा चहाच्या डब्याच्या डावीकडे होता ना, मग इथेही डावीकडेच. आणि नव्या स्वयंपाकघरात डावीकडे नेमकी भिंत आली तर? तर मांडणीताई काहीतरी तोड काढायची, आणि ती अशी काढायची की घरच्या बाईला महिनाभर पत्ता लागायचा नाही.

हे ती करायची कसं, तर आदल्या दिवशी दुपारी त्या घरी जाऊन बसायची. घरच्यांना म्हणायची, तुम्ही जरा शेजारी जाऊन या. मग एकेका खोलीत जमिनीवर, भिंतीला पाठ लावून, नुसतं बसायचं. आधी डोळे उघडे, मग मिटलेले. एका नव्या हमालाने एकदा अक्कल पाजळली होती, "ताई, त्यापेक्षा मोबाइलवर फोटो काढून घ्या की." ती म्हणाली, "फोटोत वस्तू येते रे. तिच्याकडे जाणारा हात येत नाही." हमालाला काही कळलं नाही, पण त्याने मान डोलावली.

खरं सांगायचं तर त्या दुपारी काम कमी आणि तंद्री जास्त असायची. परक्या घरातली दुपार. पडद्यातून गाळून आलेलं ऊन फरशीवर सरकत असतं, कुठेतरी नळ ठिबकत असतो, कपाटातून कुणाच्या तरी कपड्यांचा वास येत असतो. मांडणीताई डोळे मिटायची आणि त्या घराची होऊन जायची. ह्या खुर्चीत कोण बसतं, तो माणूस उठून खिडकीशी का जातो, ही उशी इतकी दबलेली का, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढे आपोआप हलायला लागायचं. इतक्या वर्षांत इतकी घरं डोक्यात साठली होती की झोपेत ती सगळी एकमेकांना जोडली जायची. स्वप्नात एका वकिलाच्या स्वयंपाकघराचं दार उघडलं की ती एका नर्सच्या गॅलरीत निघायची. तिथून चार पायऱ्या उतरल्या की कुणा गवयाची बैठकीची खोली. असं एक न संपणारं घर तिला नेहमी दिसायचं, आणि त्यात ती स्वतःची खोली शोधत हिंडायची. ती काही सापडायची नाही. जाग आल्यावर तिला वाईट वाटायचं नाही, नुसतं चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

जागेपणी तिची खोली होती. गोडाऊनवरचा माळा. लाकडी जिना चढून गेलं की डाव्या भिंतीला खाट, उशाशी दिवा, खाटेखाली ट्रंक, समोर खिळ्याला आरसा. आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि भाड्याचं घर सोडावं लागलं होतं. पोरकी झालेली बहीण रडून रडून अर्धी झालेली बघून दादाला काय करावं सुचेना. तेव्हा त्याने एक केलं. तिचा कोपरा जुन्या घरात जसा होता, तसाच्या तसा त्याने ह्या माळ्यावर उभा केला. खाट डावीकडे, दिवा उशाशी, आरसा त्याच जागी. ती वर आली, तिने बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी त्या दिवशी ती शांत झोपली. दादाच्या धंद्याची ही खरी सुरुवात. म्हणजे त्याचा सगळा धंदाच बहिणीच्या मायेतून निघालेला होता. म्हणून तर पुढे जे झालं ते त्याच्या इतकं जिव्हारी लागलं.

आता तिच्या डोक्यात शिरलेल्या नव्या खुळाबद्दल सांगायला हवं. घरं हलवता हलवता मांडणीताईने बाहेरून परीक्षा देत देत पदवी मिळवली होती. कुणी लक्ष दिलं नव्हतं. फार तर वहिनी चिडवायची, "आमच्याकडे खोक्यांवर 'नाजूक वस्तू' लिहायलासुद्धा पदवीधर ठेवलाय." मग एक दिवस एका प्राध्यापकबाईंचं घर हलवलं. पुस्तकंच पुस्तकं. त्या बाई नव्या घरात शिरल्या, इकडे तिकडे फिरल्या, हात पुढे केला तर कात्री जागच्या जागी. त्या मांडणीताईकडे बघतच राहिल्या.

"तुम्ही माझ्या घरात किती वेळ होता?" त्यांनी विचारलं.

"एक दुपार."

"आमच्यातले लोक ह्याच्यासाठी एकेक वर्ष जाऊन राहतात परक्या लोकांत."

"कशासाठी?"

"माणसं कशी राहतात, काय कुठे ठेवतात, कुणाला काय म्हणतात, कशाला हसतात, ते बघायला. आणि असं का, ते समजून घ्यायला. मानवशास्त्र म्हणतात त्याला."

"ह्याचं शिक्षण असतं?"

"असतं की."

झालं. मांडणीताईच्या डोक्यात भुंगा शिरला. जगात कुठेतरी माणसं परक्यांच्या घरात बसतात, आणि त्याला कुणी हसत नाही, उलट शिकवतात. ट्रकच्या केबिनमध्ये बसून ती तेच घोळवत राहायची. दादा गाडी चालवता चालवता म्हणायचा, "बाळ, उतर आता, घर आलं," तेव्हा तिला भान यायचं.

प्राध्यापकबाईंनी दोन विद्यापीठं सुचवली. एक गावातच, बसने थोडं पुढे. दुसरं लांब, रेल्वेने जवळजवळ दिवसभराचं अंतर. बाईंनी कुठलंच बरंवाईट सांगितलं नाही. म्हणाल्या, "जाऊन बघा. तुम्हाला खोल्या बघून कळतं ना, मग बघा."

गावातलं तिने आधी बघितलं. तिला ते फारच आवडलं. विभाग तळमजल्यावर, लांब हॉल, भिंतीला काचेची कपाटं. कपाटांत कुठकुठली मडकी, टोपल्या, माळा, हत्यारं, प्रत्येकाखाली चिठ्ठी, प्रत्येक वस्तू आपल्या जागी. विभागप्रमुख गृहस्थ सज्जन होते. संध्याकाळचे वर्ग होते. इथे शिकून दिवसा धंदा सांभाळता येत होता. मांडणीताई त्या कपाटांसमोर उभी राहिली आणि तिला आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

मग ती लांबच्या विद्यापीठात गेली. तिथे सगळाच उफराटा कारभार. वर्गात खुर्च्यांच्या रांगाच नव्हत्या. जो तो येताना आपली खुर्ची उचलून आणायचा आणि जिथे वाटेल तिथे टाकून बसायचा. कपाटाची दारं उघडी, आतल्या टोपल्यांत विद्यार्थ्यांचे डबे. मांडणीताईचे हात शिवशिवले. मुलाखतीला तिघं जण होते. त्यांतली सगळ्यात तरुण बाई म्हणाली, "तुम्ही हलवलेलं कुठलंही एक घर सांगा." हे तर तिच्या हातचं होतं. तिने डोळे मिटले आणि एका शिक्षिकेचं घर सांगायला सुरुवात केली. दारापासून परसापर्यंत, फळीन् फळी. तिघंही चिडीचूप ऐकत होते. सांगून संपलं. मग त्या तरुण बाईने हळूच विचारलं, "त्या शिक्षिका चहाची बरणी खिडकीत ठेवायच्या म्हणालात. ऊन लागतं तिथे. का ठेवायच्या?"

मांडणीताईने मनातल्या मनात ती खिडकी पुन्हा बघितली. "माहीत नाही," ती म्हणाली.

"विचारलं नाहीत?"

"आमच्यात विचारत नाहीत."

बाई हसली नाही. म्हणाली, "आमच्याकडे पहिल्याच वर्षी एका अनोळखी घरात राहायला पाठवतात. तिथे नुसतं बसून चालत नाही. विचारावं लागतं. लोकांना राग येतो कधीकधी. तरी विचारावं लागतं."

परतीच्या गाडीत मांडणीताई खिडकीला डोकं टेकून बसली. बाहेर शेतं, दिवे, पाणी, पुन्हा शेतं. आपल्याला चहाच्या बरणीचं कारण माहीत नाही, ह्याची तिला लाज वाटत होती. अन् भीतीही वाटत होती. परक्या घरात जाऊन तोंड उघडायचं, ह्याची. डुलकी लागली तेव्हा तिला तेच न संपणारं घर दिसलं, पण ह्या वेळी प्रत्येक खोलीत कुणीतरी बसलेलं होतं आणि तिच्याकडे बघत होतं, ही काही बोलतेय का म्हणून.

दोन्हीकडून होकार आला. सोमवारपर्यंत कळवा म्हणाले.

घरात पंचायत बसली. दादाला मुळात हा विषयच पटत नव्हता. "माणसं कशी राहतात ह्याचं शास्त्र? अगं, घरोघरी मातीच्या चुली. त्यात शिकायचं काय?"

"चूल मातीचीच रे दादा," ती म्हणाली, "पण एकाच्या घरी ती दाराकडे तोंड करून असते आणि दुसऱ्याच्या घरी पाठ करून. असं का?"

"दाराकडून वारा येत असेल." दादाने विषय मिटवला. "बरं, शिक. मी कुठे नाही म्हणतोय? गावातलं चांगलं आहे की. हाकेच्या अंतरावर. दिवसा ट्रक, संध्याकाळी शाळा. तू गेलीस तर खोलीत कोण बसणार? मी? माझे गुडघे जमिनीवर बसायला देतात का?"

वहिनी म्हणाली, "तुमच्या गुडघ्यांचं सोडा, तुम्हाला स्वतःचा टॉवेल सापडत नाही." सगळे हसले आणि प्रश्न सुटल्यासारखा झाला. मांडणीताईलाही हायसं वाटलं. कशाला उगाच उंटाच्या शेपटाचा मुका घ्यायचा? गावातलंच बरं. काचेची कपाटं, आपला माळा, आपला दादा. सोमवारी गावात होकार कळवायचा, असं तिने ठरवून टाकलं. त्या रात्री झोप मात्र नीट लागली नाही. ती म्हणाली, उकाडा आहे.

सोमवारच्या आधीचं शेवटचं काम चष्मेवाल्या काकांचं होतं. बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, गावातल्या निम्म्या लोकांच्या नाकावर त्यांचेच चष्मे. आता दुकान पुतण्याला देऊन ते मोठं घर सोडून लहान फ्लॅटमध्ये चालले होते. माणूस मितभाषी. दादाला एवढंच म्हणाले, "सगळं घेऊन जा. मला काही बघायचं नाही." दादाने काही विचारलं नाही. नियमच तो.

मांडणीताई नेहमीप्रमाणे दुपारी जाऊन बसली. घर नीटनेटकं होतं. स्वयंपाकघरात ओट्यावर दोन कप, एकाचा कान दुसऱ्याच्या कानाला लागलेला. खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीच्या पाठीवर निळी शाल. खिडकीच्या कठड्यावर सोनेरी काडीचा बायकी चष्मा, उघडाच, जणू आत्ताच काढून ठेवलाय. पलंगाच्या ह्या बाजूला काकांची स्लीपर, त्या बाजूला बाईच्या चपला, टोकं बाहेरच्या बाजूला. काकू कुठे गावाला गेल्या असतील, लेकीकडे वगैरे. चपलांवर धुळीचा बारीक थर होता. तो तिला दिसला. खरंच दिसला. क्षणभर तिला वाटलं, बाहेर जाऊन काकांना विचारावं. पण विचारायचं नाही, हे इतकं अंगात भिनलेलं की तिने डोळे मिटले आणि त्या बाईची चाल डोळ्यांपुढे आणून बघितली, चपला कशा घालत असेल, शाल कशी ओढून घेत असेल. तिला ती बाई स्पष्ट दिसली. गोरी, ठेंगणी, उजव्या पायाने जरा अधू.

दुसऱ्या दिवशी नवं घर असं मांडलं गेलं की दादा दारात उभा राहून नुसता बघत राहिला. फ्लॅट निम्म्याने लहान, तरी सगळं जमलं होतं. कपाचा कान कानाला लागलेला, शालीची घडी तीच, चष्मा उघडा, चपलांची टोकं बाहेर. "बाळ," दादा म्हणाला, "आजवर असं काम झालं नव्हतं." संध्याकाळी काकांना किल्ली दिली आणि ते सगळे निघाले.

सकाळी रिकामी खोकी आणायला कुणीतरी जायचं असतं. त्या दिवशी मांडणीताई गेली. जिना चढून वर आली तर काका आपल्या नव्या दाराबाहेर पायरीवर बसलेले. हातात शेजाऱ्यांनी दिलेला चहा. दार बंद.

"काका, किल्ली हरवली का?"

"नाही," काका म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. "काल आत गेलो होतो. दिवा लावला आणि पुन्हा बाहेर आलो. शेजारच्यांकडे झोपलो. चांगले लोक आहेत."

"काही चुकलं का?"

"काही चुकलं नाही हो. तेच तर." त्यांनी बंद दाराकडे बघितलं. "बाई, मी घर सोडलं ते तिच्या चपला बघवेनात म्हणून. दोन वर्षं झाली तिला जाऊन. मला त्या उचलता येत नव्हत्या. हात जायचा आणि परत यायचा. म्हटलं, घर हलवू, परक्या हातांनी हलतील एकदा. आणि तुम्ही तर तिलासुद्धा बरोबर घेऊन आलात. चपला तिच्याच बाजूला. टोकं बाहेर."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मांडणीताईला पायाखालची पायरी लांब गेल्यासारखी वाटली. आपण इतकी वर्षं लोकांची घरं पाठीवर मारून त्यांच्या मागे नेत होतो. कुणाला ती हवी होती, कुणाला नको होती, कुणाला माहीत? आपण विचारलंच नव्हतं. ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. काकांनी आपल्या खिशातला, चष्मे पुसायचा मऊ रुमाल तिला दिला.

मग तिने विचारलं. इतक्या वर्षांच्या कामात पहिल्यांदाच विचारलं, "काका, मग कुठे ठेवू?"

असं काकांना आजवर कुणी विचारलंच नसावं. मग उठले, दार उघडलं, म्हणाले, "या. बघू."

ती सगळी सकाळ तिथेच गेली. ती एकेक वस्तू उचलायची आणि विचारायची, आणि काका उत्तर देता देता भलतंच काही सांगत सुटायचे. चष्मा कठड्यावर का, तर समोरच्या घरातल्या लहान मुलीला काकू खिडकीतून नाकावर चष्मा खाली-वर करून हसवायच्या. शाल निळी का, तर निळी काकांना आवडत नव्हती आणि काकूंना काकांची जिरवायची होती. दोन वर्षं ज्या माणसाच्या तोंडून काकूंबद्दल शब्द फुटला नव्हता तो बोलता बोलता हसला, मग डोळे पुसून पुन्हा बोलला. काकू ठेंगण्या-गोऱ्या नव्हत्याच. उंच आणि सावळ्या होत्या, आणि पाय दोन्ही धडधाकट होते. मांडणीताईने डोळे मिटून पाहिलेली बाई जगात कुठेच नव्हती.

"कप?"

"एक इथे. दुसरा वरच्या फळीवर. पाहुणे आले तर काढीन."

"शाल?"

"माझ्याजवळ द्या."

"आणि चपला?"

काका खिडकीशी गेले. मग म्हणाले, "तुम्ही न्या. मला सांगू नका कुठे नेल्या ते."

तिने त्या कागदात गुंडाळल्या आणि खोक्यात घातल्या. घरी जाताना तिने रिकामी खोकी हमालांसाठी तिथेच सोडली, हे हलकं खोकं तेवढं बरोबर घेतलं. मांडीवर घेऊन बसली. बसच्या खिडकीतून ऊन येत होतं आणि तिला जागेपणीच ते न संपणारं घर दिसत होतं, पण आज त्यातल्या माणसांची तोंडं हलत होती, त्यांचा आवाज येत होता. तिला कळलं की आपण गावातल्या विद्यापीठाला होकार देणार नाही.

तिने संध्याकाळी सांगितलं. दादाचा चेहरा उतरला. आधी तो काकांच्या बाबतीत काय झालं तेच ऐकून हादरला होता, त्यात हे. "एका कामात चूक झाली म्हणून सगळं सोडून जायचं?"

"चूक झाली म्हणून नाही. मला विचारायला शिकायचंय. गावातल्या कपाटांसमोर मी पुन्हा नुसती बघत बसेन. मला ते फार छान जमतं, दादा. म्हणूनच नको."

"आणि धंदा? कोण सांगणार कुणाचं काय कुठे होतं ते?"

"ज्याचं आहे तो सांगेल. विचारा त्याला."

"म्हणजे आम्ही इतकी वर्षं केलं ते चूकच होतं तर," दादा म्हणाला आणि जेवणावरून उठला. नंतर काही दिवस घरात त्याने मौनव्रत धरलं. बोलायचा, पण वहिनीमार्फत. "बाईसाहेबांना म्हणावं, ट्रकची चावी द्या." वहिनी म्हणायची, "बाईसाहेब तुमच्या समोरच बसल्यात, मी काय टेलिफोन आहे का?" मांडणीताईला त्याचं फार वाईट वाटत होतं. ज्याने आपल्याला बापाच्या मायेने सांभाळलं त्याचंच मन मोडून आपण निघालोय, हे तिला सारखं टोचत होतं. तरी सोमवारी तिने लांबच्या विद्यापीठाला होकार कळवला.

निघायच्या दिवशी सकाळी दादा माळ्यावर आला. ट्रंक खाली न्यायला म्हणून. गुडघ्यांमुळे कित्येक वर्षांत त्याने हा जिना चढला नव्हता. तो वर येऊन धापा टाकत उभा राहिला आणि इकडे तिकडे बघू लागला. खाट डावीकडे, दिवा उशाशी. बहीण आरशासमोर वेणी घालत होती. कमरेत वाकून, मान तिरकी करून, जशी ती रोज घालायची.

"तो आरसा एवढा खाली का गं?" दादाने विचारलं. इतक्या दिवसांनी तो थेट तिच्याशी बोलला होता.

"तूच लावलायस. तिकडे होता तसा."

"तिकडे..." दादाला आठवलं. तिकडे तो आरसा वडिलांनी लावला होता, ती शाळेत जाणारी चिमुरडी असताना, तिला दिसावं म्हणून. "तिकडेसुद्धा मोठी झाल्यावर वाकूनच बघत होतीस?"

"हो."

"मग इथे इतकी वर्षं वाकून...? बोलली का नाहीस?"

ती वेणीला गाठ मारत म्हणाली, "तू विचारलं नाहीस. आणि मला तरी कुठे सुचलं?"

दादा खाटेवर बसला. खालून वहिनीने हाक मारली तरी उठला नाही. मग उठून त्याने तो आरसा खिळ्यावरून काढला आणि स्वतःच्या शर्टाने पुसला. "रेल्वेने नको जाऊस," तो म्हणाला. "मी सोडतो."

एका ट्रंकेसाठी अख्खा ट्रक. हमालांनी पोट धरून हसून घेतलं. रस्ता लांब होता आणि दोघंही फारसं बोलले नाहीत. मध्ये एकदा ती झोपली आणि दादाने तिच्या डोक्यावरचं ऊन अडवायला खिडकीत टॉवेल अडकवला.

विद्यापीठाने दिलेली खोली रिकामी होती. चार भिंती, एक खिडकी, एक पलंग, तोही मधोमध कसातरी टाकलेला. खिडकीबाहेर कुणीतरी खुर्ची डोक्यावर घेऊन चाललं होतं. दादाने ट्रंक आत आणली आणि दाराशीच ठेवली. मांडणीताईने सवयीने डोळे मिटले. आता तो पलंग डावीकडे सरकवेल, दिवा उशाशी ठेवेल, आणि मग समोरच्या भिंतीवर, कमरेच्या वर थोडासा, खिळा ठोकेल. तिला ते ऐकूसुद्धा यायला लागलं. पण कसलाच आवाज आला नाही, म्हणून तिने डोळे उघडले.

दादा खोलीच्या मध्यावर आरसा घेऊन उभा होता, पहिल्या दिवशी कामावर आलेल्या हमालासारखा.

"बाळ," तो म्हणाला, "हा कुठे लावू?"

तिने उजवीकडची भिंत बघितली, मग खिडकीजवळची. तिला काही सुचेना. गावातल्या सगळ्या घरांतल्या सगळ्या वस्तूंची जागा जिला पाठ होती, तिला हे एक उत्तर येत नव्हतं. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"थांब जरा," ती म्हणाली. "बघू दे मला."

दादा थांबला. आरसा जड होता, त्याचे गुडघे दुखत होते, तरी तो थांबला. मग ती खिडकीशेजारच्या भिंतीला पाठ लावून सरळ उभी राहिली, डोक्याच्या उंचीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथे."